पावसाळ्याचं भाडं

आमचं घर आमच्यासाठी एक पैसाही कमवत नाही, हा शोध माझ्या वडिलांना बोईसर स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा पिताना लागला. तोवर घरात आम्ही नुसतेच राहत होतो. पिढ्यान् पिढ्या राहत होतो आणि कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. तारापूरच्या बाजूला पॉवरहाऊसचं काम निघालं होतं. अणूतून वीज काढणार होते म्हणे. आमच्याकडे तेव्हा रॉकेलसुद्धा रांगेत उभं राहून मिळायचं, त्यामुळे अणूबद्दल कुणाला फारसं कुतूहल नव्हतं. कुतूहल होतं ते अणूबरोबर येणाऱ्या माणसांबद्दल. ट्रकच्या ट्रक भरून माणसं येत होती, हिंदी बोलत होती आणि ज्याला त्याला एकच विचारत होती, "खोली मिलेगी क्या?" सरकारी वसाहत व्हायची होती, पण ती साहेबलोकांची. बाकीच्यांनी कुठे झोपायचं हे कागदावर कुणी लिहिलं नव्हतं.

आमचं घर बोईसरहून चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे पडवी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे विहीर. अंगणापलीकडे गवताची वखार. आमचा धंदा गवताचा. दसरा झाला की मासवणच्या बाजूच्या डोंगरातली कुटुंबं कापणीला यायची, गवत वखारीत यायचं, तिथे दाबून त्याचे गठ्ठे बांधले जायचे आणि रेल्वेच्या वाघिणीतून मुंबईच्या तबेल्यांना जायचे. वखार आम्ही पालघरच्या एका व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचो. पावसाआधी शेवटचा गठ्ठा गेला की वखार रिकामी, आणि रिकाम्या वखारीत चार महिने पागोळ्या मोजत बसायला आम्ही मोकळे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते चौथी शिकलेले, मी मॅट्रिकच्या वर्गात. शेकडेवारीची गणितं मला येत होती, म्हणून दादांनी मला आपला हिशेबनीस नेमलं. पगार नव्हता.

सुरुवात पडवीपासून झाली. चार वेल्डर आले, उत्तरेकडचे. महिना वीस रुपये ठरले. त्या संध्याकाळी दादांनी मला बोलावलं. "काड, शेकडा किती सुटलं?"

मी विचारलं, "भांडवल किती घातलंत?"

"कसलं भांडवल? पडवी आपलीच हाय. तिला कुटं पैसं पडलं?"

"मग भागायचं कशाने? शून्याने भागता येत नाही. मास्तर सांगतात."

"मास्तर भाड्याच्या खोलीत ऱ्हातो," दादा म्हणाले. "त्याला काय म्हाइत."

एकदा शून्य भांडवलावर अमाप उत्पन्न मिळतं हे कळल्यावर माणूस कुठे थांबतो? दादा स्टेशनसमोरच्या हॉटेलात बसून लोकांना सल्ले देऊ लागले. पोस्टात पैसे ठेवणारे मूर्ख, सोनं घेणारे महामूर्ख, आणि स्वतःच्या घरात फुकट राहणाऱ्यांना तर काय म्हणावं हे त्यांना सुचतच नसे. पडवी गेल्यावर ओटा आम्हाला बंद झाला. संध्याकाळी दारात बसायची सोय गेली. घरात शिरायचं तर चार वेल्डरांच्या चार खाटांमधून तिरकं जावं लागे, आणि आई डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून तेवढं अंतर पळत पार करी.

दिवाळीत माजघर गेलं. एक नकाशे काढणारा आणि त्याची बायको आली. माणसं सभ्य होती. सभ्य माणसांना भिंत लागते, म्हणून विटांची भिंत आली. भिंत घालायचीच आहे तर सगळ्या घरावर नवी कौलं का नकोत, म्हणून कौलं आली. बाईमाणूस आहे म्हणून मागे संडास आला. या सगळ्याला बाराशे रुपये लागले आणि ते पालघरच्या गवतवाल्यानेच दिले, महिना शेकडा दीड रुपयाने. वखारीच्या भाड्यातून व्याज वळतं करून घ्यायचं ठरलं. सज्जन माणूस होता. देताना हसला होता.

मला या वेळी भागायला काहीतरी मिळालं याचा आनंद झाला. पण दादांना आकडा आवडला नाही. दोन खोल्यांचं उत्पन्न बाराशेत भागलं की शेकडा जेमतेम पंचेचाळीस येत होते. अमापावरून पंचेचाळीस म्हणजे त्यांच्या लेखी दिवाळं. त्यांनी घरभर नजर फिरवली. नजर फिरवायला तोवर एकच खोली उरली होती.

आईने पडवी दिली तेव्हा तोंड उघडलं नव्हतं. माजघर दिलं तेव्हा एवढंच म्हणाली होती की देव्हारा तरी आत घ्या. तिने तो स्वतः उचलून स्वयंपाकघरात नेला. पण स्वयंपाकघराचा विषय निघाला तेव्हा ती पाट सोडून उभी राहिली.

"चूल नाय देनार मी."

"अगं, चूल कोन मागतंय? खोली मागतात. तीस रुपये देतात. विहिरीकडं दार हाय म्हनून पाच जास्तीचे."

"आनि मी रांधू कुटं?"

"वखारीत."

मी तिथेच होते, मला हसू फुटलं. वखारीत त्या वेळी छतापर्यंत गवत होतं, वाळून खडखडीत झालेलं. त्या वखारीत बिडी पेटवली म्हणून एका गड्याला दादांनी स्वतः बाहेर हाकललं होतं. आईने हे सगळं एका वाक्यात सांगितलं. दादा म्हणाले, मग बाहेर चिंचेखाली रांध, हवाशीर असतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काड तू, तिन्ही मिळून शेकडा किती?"

तिन्ही मिळून महिना पंच्याहत्तर, वर्षाचे नऊशे, बाराशेवर शेकडा पंच्याहत्तर. मी पाटीवर लिहिलं. दादांनी पाटी आईसमोर धरली. आईला वाचता येत नव्हतं, पण पाटीकडे तिने पाहिलं नाही ते त्यामुळे नव्हे. ती चुलीकडे पाहत होती. ती चूल तिने लग्न होऊन आल्यावर स्वतः घातली होती, दर आठवड्याला सारवत होती, आणि या घरात तिचं असं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. माहेर दूर होतं, शेत दादांचं होतं, आणि मी तर सासरी जायचीच होते. ते सगळं मला त्या वेळी कळत होतं आणि मला दादांचा भयंकर राग आला. पण पंच्याहत्तर या आकड्यापुढे कुणाचंच चाललं नाही.

संक्रांतीनंतर आम्ही वखारीत राहायला गेलो. अर्धी वखार आमची, अर्धी गठ्ठ्यांची. गवतवाल्याने अर्ध्या वखारीचं भाडं कापलं. मी ते दादांच्या लक्षात आणून दिलं, तर ते म्हणाले, तो खर्च नाही, ती गैरसोय आहे, आणि गैरसोय हिशेबात धरत नाहीत.

स्वयंपाकघर ज्याने घेतलं तो पॉवरहाऊसच्या भांडारात कामाला होता. एकटा जीव. त्याने त्या खोलीत एकदाही काही शिजवलं नाही. तो जेवायला हॉटेलात जायचा. चुलीवर त्याची पत्र्याची पेटी होती, शिंक्याला त्याच्या विजारी लोंबत होत्या आणि भिंतीतल्या फडताळात दाढीचं सामान. देव्हारा तेवढा आमच्याबरोबर वखारीत आला होता, आणि देवालासुद्धा निरांजन लावायची बंदी होती. आई विहिरीवर पाणी भरायला जायची तेव्हा ते दार उघडं असलं तर मान वळवून जायची.

चिंचणीहून एक मावशी सुकी मासळी घेऊन आमच्याकडे यायची. आईची ती जुनी मैत्रीण. पहिल्यांदा ती सवयीने मागच्या दारी गेली आणि आत विजारी बघून ओरडतच परत आली. चिंचेखाली आई तीन दगडांवर भाकरी भाजत होती, वारा जाळ कुठेही नेत होता.

"गो बाय, तुज्या घरात कोन ऱ्हाते?"

"भाडेकरू."

"आनि तू?"

"मी हितं."

"म्हंजे समदी मान्सं घरात, आनि घरवाली चिचेखाली," मावशीने टोपली उतरवली. "बरा धंदा हाय तुज्या घोवाचा. आमी बोंबीलपन उनात टाकतो ते चार दीस, मग घरात घेतो."

आई हसली. मला वाटतं, त्या वर्षात ती तेवढीच हसली.

असे पाच महिने गेले. जूनच्या सुरुवातीला वेल्डरांतला म्हातारा महिन्याचे पैसे घेऊन वखारीच्या दारात आला. दादांनी त्याच्या हाताकडे बघितलं आणि चेहऱ्यावर असं हसू आणलं की जणू पोराने चुकून दक्षिणा पुढे केली.

"बारिशका नहीं लेता," दादा म्हणाले.

म्हाताऱ्याला कळेना. "किराया, सेठ."

"हां हां. किराया आठ महिनेका. बारिशका किराया हमारे में नहीं लेता."

म्हातारा पैसे खिशात घालून इतक्या झपाट्याने परत गेला की वहाण पायातून निसटली. अर्ध्या तासात नकाशेवाला येऊन खात्री करून गेला. भांडारवालाही येऊन गेला. तिघांनी दादांना हात जोडून नमस्कार केला. माझ्या आठवणीत तरी भाडेकरूंनी घरमालकाला एवढ्या मनापासून केलेला नमस्कार तोच.

मी पाटी घेऊन आले. "दादा, मी बाराने गुणलं होतं."

"बाराने?" ते खरोखरच चकित झाले. "बाराने कसं गुनलंस? भाडं आठ महिन्याचं असतं."

"ते वखारीचं! पावसात वखारीत गवत नसतं म्हणून! ही माणसं आहेत. ती पावसात कुठे जाणार आहेत?"

 दादांच्या बापाने, बापाच्या बापाने वखार दिली ती हंगामावर दिली. पावसाळ्याचं भाडं मागणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने न दिलेल्या मालाचे पैसे मागणं. ते कुणाला सांगावं लागतं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, आणि मला तर कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी महिन्याचा आकडा ऐकून बाराने गुणत राहिले, ते फक्त उत्तर ऐकत राहिले. शेकडा पंच्याहत्तरचे पन्नास झाले. त्यातून गवतवाल्याचं व्याज वजा. व्याज मात्र बारा महिन्यांचं होतं. गवतवाल्याने कर्ज देताना हंगामाचा उल्लेखही केला नव्हता.

"जा, सांगा त्यांना की चूक झाली," मी म्हणाले.

"एकदा तोंडातून गेलं ते गेलं," दादा म्हणाले. "आमी काय हाटेलवाले नाय."

म्हणजे झालं असं. नव्या कौलांखाली, आमच्या घरात, तीन भाडेकरू कोरडे ठणठणीत आणि फुकट. वखार शाकारली होती ती गवत आठ महिने टिकावं एवढ्यापुरती. त्यात आम्ही चार महिने राहायचं होतं. एका रात्रीत माझी भूगोलाची वही भिजून लगदा झाली. आम्ही खाटा सरकवत होतो, आणि जिथे सरकवू तिथे वरचं पाणी येऊन गाठत होतं. चिंचेखालचे तीन दगड तर दिसेनासे झाले. आई वखारीच्या दाराशी एका फुटक्या घमेल्यात जाळ करायची, तो धुरायचा, विझायचा, आणि दोन दिवस आम्ही चुरमुरे खाल्ले. गवत गेलं होतं म्हणून आता आत विस्तव चालत होता, पण सुकं लाकूडच राहिलं नव्हतं. आमची सुकी लाकडं स्वयंपाकघराच्या माळ्यावर होती, भांडारवाल्याच्या डोक्यावर.

आषाढात भांडारवाला गेला. त्याची दुसऱ्या कुठल्याशा कामावर बदली झाली. पेटी, विजारी आणि दाढीचं सामान टांग्यात घालून त्याने दादांच्या हातात किल्ली दिली. दादांनी ती कनवटीला लावली आणि जाहीर केलं की दसऱ्याला नवा माणूस येतोय, कंत्राटदाराचा कारकून, चाळीस देतो. तोवर खोली बंद.

आई घमेल्यातल्या धुराकडे बघत होती. तिथूनच तिने विचारलं, "पावसाळ्याचं भाडं नाय ना घेत तुमी?"

"नाय."

"कुनाकडनंच नाय?"

"कुनाकडनंच नाय. पद्दत हाय आपली."

"मग किल्ली द्या. मी भाडेकरू."

दादांचा हात कनवटीवर गेला. आपली पद्धत त्यांनी आठवडाभर गावभर मिरवली होती, हॉटेलातसुद्धा. आईने हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. किल्ली तिच्या हातात पडली.

ती त्याच पावसात गेली. मी देव्हारा उचलला, तिने परात आणि तवा. चुलीवर पेटीचा गंज लागला होता आणि आत उंदराने घर केलं होतं. तिने सगळं खरवडलं, मातीचा हात फिरवला, माळ्यावरून लाकडं काढली आणि पेटवलं. पहिल्या भाकरीचा वास पडवीत गेला असणार, कारण म्हातारा वेल्डर दाराशी येऊन उभा राहिला. "माताजी," तो म्हणाला, "हॉटेल का खाना खाके पेट खराब हो गया." आईला हिंदी येत नव्हती. तिने त्याला ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी चौघे आले आणि पैसे ठेवून गेले. महिनाभरात पॉवरहाऊसवरची दहाबारा माणसं दोन पंगतींत जेवू लागली. मावशी सुकी मासळी उधारीवर देऊ लागली आणि वर आईला शिकवू लागली की रस्सा पातळ कर, ही माणसं भात फार खातात.

मीही आईकडे राहायला गेले. दादा वखारीतच राहिले. मालकाने भाडेकरूच्या खोलीत राहणं त्यांना शोभत नव्हतं. ते खाट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत राहिले. त्यांच्यासाठी दोन्ही वेळचं ताट मी झाकून नेत असे. ते ताट पुसून जेवत. एकदा म्हणाले, "आमटी बरी झाली," आणि मग लगेच, "लाकूड किती लागतं गं तिला?" हिशेबाची सवय सुटत नव्हती, फक्त भांडवल आता आईचं होतं.

दसरा आला. गवतवाल्याचा माणूस तीनदा येऊन गेला होता. पुढच्या हंगामाच्या वखारीच्या भाड्यात मागचं व्याज मावत नाही, असं तो फार अदबीने सांगत होता. दादांनी कंत्राटदाराच्या कारकुनाला खोली घ्यायला या असा निरोप धाडला आणि सोनं वाटायच्या दिवशी संध्याकाळी मागच्या दारी आले. आपट्याचं पान त्यांनी आईला दिलं नाही, हातातच धरून ठेवलं.

"पावसाळा झाला," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"झाला," आई म्हणाली. पंगत उठली होती, ती चूल सारवत होती. तिने हात धुतले, देव्हाऱ्यामागून एक फडकं काढलं आणि उंबऱ्यावर सोडलं. नोटा होत्या, आणि पुष्कळशी नाणी. "फुडच्या आठ महिन्याचं. चाळिसानं. मोजा."

दादांनी मोजलं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच समोर पैसे होते आणि ते मोजत नव्हते. त्यांना पैशांची गरज होती, ती मला दिसत होती, आणि ती आईलाही दिसत होती. ते फडक्याकडे बघत उंबऱ्याबाहेर उभे होते आणि मला वाटलं, आता हे आत येतील आणि सगळं संपेल, हसतील, ती पण हसेल. त्यांनी वाकून फडकं उचललं.

"पावती द्या," आई म्हणाली.

"तुला कसली पावती?"

"पडवीवाल्यांना देता. माजघरवाल्यांना देता."

दादांनी मला खूण केली. मी वहीतलं पान फाडलं, दौत घेतली. स्वयंपाकघर, आठ महिने, रक्कम पोचली, एवढं लिहून थांबले. भाडेकरूचं नाव राहिलं होतं. दादांनी आईचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. आमच्याकडे कुणीच घेत नसे. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "लिही तुज्या आईचं." मी रेशनकार्डावर होतं ते लिहू लागले.

"ते नको," आई म्हणाली. "ते ह्यांनी ठेवलेलं. माझं लिही."

आणि तिने नाव सांगितलं. मी सोळा वर्षांची होते आणि ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. लहानसं होतं, दोन अक्षरांचं. मी ते सावकाश लिहिलं. माझ्याच आईला कुणीतरी अंगणात त्या नावाने हाका मारल्या असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दादांनी कागद हातात घेतला, नावावर बोट ठेवलं. "हे व्हतं नाय का," ते हळूच म्हणाले. मग खाली घरमालक म्हणून सही केली.

आईने पावती चुलीच्या धगीवर धरून शाई वाळवली, घडी घालून पदराला बांधली आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, वहाणा काडून आत या म्हनावं. पान वाडलंय."